बांधणीस दिलेली गाथा



सुमारे पन्नास वर्षे मी कीर्तनाला उभा राहिलो. आता वय 77. दम पुरत नाही, वरची पट्टी लागत नाही, एक चरण धरला की दुसऱ्यावर खोकला येतो. म्हणून तीन वर्षांपूर्वी वीणा परत विणेकऱ्याच्या गळ्यात घातली आणि श्रोत्यांत जाऊन बसलो. पूर्वी सकाळची पूजा आटोपते न आटोपते तोच कुठल्या तरी गावाहून सप्ताहाचा निरोप यायचा. आता येत नाही. तेव्हा आठ वाजले की मी काठी घेतो आणि गावच्या वाचनालयात जाऊन बसतो. आज त्या वाचनालयाविषयी चार शब्द लिहायचे आहेत, आणि त्यातच माझ्या एका अपराधाविषयी. कीर्तनात हा अपराध मी कधी सांगितला नाही. तिथे प्रमाण संतांचे द्यायचे असते, स्वतःचे रडगाणे गायचे नसते, अशी पळवाट हाताशी होती. लेखात ती राहत नाही.

आमचे गाव गडचिरोली जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठाला. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्या गृहस्थाची गोष्ट पुढे यायची आहे त्यांचे घर अजून गावात नांदते आहे. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला जंगल. जिल्हा 1982 साली चंद्रपुरापासून वेगळा झाला. त्याआधी कचेरीचे काम निघाले की आम्ही चांद्याला जायचो, आणि म्हातारी माणसे अजूनही चंद्रपूरला चांदाच म्हणतात. रेल्वे पकडायची तर वडसा.

वाचनालय म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. रत्नागिरीला 1828 साली, नाशिकला 1840 साली वाचनालये निघाली, असे आपण वाचतो. आमच्या रानात त्या काळी पोथी होती, भजन होते, दंडार होती, पण चार घरांनी मिळून पुस्तके ठेवावीत ही कल्पना फार उशिरा आली. 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्यानंतर तीन-चार वर्षांनी गावातल्या शिक्षक मंडळींनी आणि दोन मालगुजारी घराण्यांतल्या माणसांनी मनावर घेतले. पैसा कोणाकडेच नव्हता. धान निघाल्यावर खळ्यावरून घरटी एक पायली धान घेतले, ते विकले, त्यातून पहिली दोन कपाटे आली. माझ्या आईनेही पायली दिली होती. तिला अक्षर येत नव्हते. ती मरेपर्यंत त्या कपाटाला ‘आपलं कपाट’ म्हणायची, आणि ते काही खोटे नव्हते. पुढे नोंदणी झाली. अनुदान दोन हप्त्यांत येते, आणि हप्ता हाती पडेपर्यंत वर्तमानपत्रांचे बिल गावच कसेबसे ओढते.

माउली, गावाचा जीव एखाद्या जागेवर किती असतो, हे त्या जागेच्या दारातल्या चपला पाहून कळते. आमच्या वाचनालयाला ‘पादत्राणे बाहेर काढावीत’ अशी पाटी नाही. कोणी सांगितलेलेही नाही. तरी माणसे ओसरीखाली चपला काढतात आणि आत पाऊल टाकताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावतात. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली पहाटे पाचला रस्त्यावर धावतात आणि आठला ओल्या केसांनी अभ्यासाला येऊन बसतात. त्यांचे बूटसुद्धा तिथेच, एका ओळीत. एक म्हातारा शेतकरी आहे, वाचता येत नाही. तो रोज येतो, वर्तमानपत्र उलगडून समोर धरतो आणि शेजारी बसेल त्याला म्हणतो, “वाच ना जी, चष्मा इसरलो.” चष्मा त्याला कधीच नव्हता, हे साऱ्यांना ठाऊक आहे, आणि आजवर कोणी तसे बोलून दाखवलेले नाही. झाडीपट्टीच्या नाटकांत काम करणारा एक गडी दिवाळीआधी येतो आणि जुनी संगीत नाटके मागतो. एक सूनबाई भाजीच्या पिशवीत तळाला कादंबरी ठेवून वर मेथी पसरते. घरी सासूला कळू नये म्हणून. सासू स्वतः दुपारी येऊन संतचरित्रे नेते. दोघींची कार्डे एकाच खणात आहेत!

रोवणीच्या दिवसांत वाचनालय ओस पडते. तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की पुन्हा ओस. तेव्हा ग्रंथपाल एकट्या बसून फाटकी पाने चिकटवते. आणि नवे तांदूळ निघाले की कोणीतरी शेरभर तांदूळ तिच्या टेबलावर ठेवून जाते, देवापुढे ठेवावे तसे. आता तर पोलिसांनी ‘एक गाव, एक वाचनालय’ म्हणून पार आतल्या गावांतून पुस्तके नेली आहेत. ज्या रस्त्यांनी जायला आम्ही भीत होतो, तिकडे आता पोरे वाचत बसतात. 2012 साली चंद्रपूरला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले तेव्हा ग्रंथदिंडीत मी टाळ घेऊन चाललो होतो. पालखीत ग्रंथ ठेवून त्यापुढे नाचायचे, ही रीत साहित्यिकांनी आपल्याकडूनच घेतली, याचा त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. तो अभिमान मिरवताना घरच्या फडताळात काय ठेवले होते, ते आता सांगतो.

मी आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत शिकलो. जोग महाराजांनी 1917 साली लावलेले ते झाड. चार वर्षे माधुकरी मागून राहिलो. सारी भिस्त पाठांतरावर. चरण विसरला तर ताटावरून उठावे इतकी लाज वाटायची. गावी परत आलो तेव्हा ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा यांवर माझी बरी पकड होती, नामदेवरायांत मात्र मी कच्चा होतो. आणि कीर्तन करणाऱ्याने नामदेवरायांत कच्चे असणे म्हणजे शेतकऱ्याला नांगर धरता न येण्यासारखे. 1970 साली नामदेवरायांच्या जन्माला सातशे वर्षे झाली, त्या निमित्ताने शासनाने नामदेव गाथा छापली होती. ती मला कुठे विकत मिळेना. नागपूरला विचारले, पंढरीला फिरलो. आणि 1981 च्या चातुर्मासाआधी ती आमच्याच वाचनालयाच्या कपाटात दिसली! जाडजूड, कोरी, पाने एकमेकांना चिकटलेली. अकरा वर्षांत ती कोणी उघडली नसावी. दाखल क्रमांक 612.

मी ती घेतली. तेव्हाचे ग्रंथपाल मध्यम वयाचे, किरकोळ अंगाचे गृहस्थ. पगार म्हणाल तर सांगायला लाज वाटावी इतका. सकाळी शेतावर, मग इथे. माझ्या प्रत्येक कीर्तनाला ते यायचे आणि खांबाला टेकून बसायचे. त्यांनी देवघेव वहीत नोंद केली आणि म्हणाले, “महाराज, चातुर्मास झाला का आना जी.”

चातुर्मास झाला. मी आणली नाही. त्या चार महिन्यांत गाथेच्या समासांत पेन्सिलीने खुणा झाल्या होत्या. कुठला अभंग कुठल्या चरणाला प्रमाण म्हणून घ्यायचा, चाल कुठे बदलायची, जनाबाई कुठे जोडायची. पुस्तक दिले तर खुणा जातील. उतरवून घेऊ म्हटले, तर माघी आली. मग चैत्र. मग सप्ताह. एक वर्ष गेले की माणसाला थोडी लाज वाटते. पाच वर्षे गेली की वस्तू आपली वाटू लागते. मी मनाला समजावले की ग्रंथ वाचणाऱ्याच्या हाती असावा, कपाटात धूळ खात पडून त्याचा काय उपयोग. हे तत्त्वज्ञान मी दुसऱ्या कोणाच्या बाबतीत चालू दिले असते का, ते विचारू नका.

ग्रंथपालांनी कधी मागितली नाही. फक्त कधीतरी, कीर्तन संपल्यावर पाया पडताना, हळूच विचारायचे, “आमचे नामदेवराय खुशाल हायेत ना जी?” मी हसून म्हणायचो, “खुशाल आहेत.” मला तो प्रेमाचा विनोद वाटे. 2009 साली ते गेले. मी त्यांच्या तेराव्याला कीर्तन केले. कीर्तन चांगले झाले, असे लोक म्हणाले.

आता 2020 च्या पुराची गोष्ट. ते वर्ष आपणा साऱ्यांच्या लक्षात आहे. वारी झाली नाही, पादुका एसटीने पंढरीला गेल्या. मार्चपासून वाचनालयाला कुलूप. ऑगस्टच्या अखेरीस, गणपती बसलेले असताना, वर पाऊस झाला, गोसीखुर्दचे 33 दरवाजे उघडले आणि वैनगंगा गावात आली. अर्ध्या रात्रीत ती देवळाच्या पायऱ्या चढली. माणसे गुरे सोडण्यात आणि धान्याची पोती माळ्यावर चढवण्यात गुंतली. कुलपातली पुस्तके कोणाच्या ध्यानात येणार! पाणी ओसरल्यावर दार ढकलले तर ते उघडेना. आत फुगलेल्या पुस्तकांनी कपाटाची फळी फोडून दाराला रेटा दिला होता. खालचे दोन खण धर्मग्रंथांचे होते. ग्रंथ पायाशी नको म्हणून पूर्वी ते वर असत, पण जाड असल्यामुळे फळ्या वाकतात म्हणून कधीतरी खाली आणले होते. त्यांचा लगदा झाला होता.

त्यानंतरचे दोन आठवडे मला विसरता येणार नाहीत. गावात घराघरांतून चिखल उपसणे चालू होते, भिंती पडल्या होत्या, बांध्यांतले धान कुजले होते. तरी माणसे वाचनालयात आली. तोंडाला फडकी बांधून, एकमेकांपासून लांब उभी राहून. ज्याच्या घरची खाट कोरडी होती त्याने खाट आणली आणि तिच्यावर पुस्तके उभी करून पाने फुलवली. बायांनी लुगडी अंथरली. पानापानांत राख आणि जुनी वर्तमानपत्रे घातली. तो वाचता न येणारा म्हातारा एका पुस्तकाची पाने एकेक करून सोडवत होता. कुठले पुस्तक आहे, असे मी विचारले, तर म्हणाला, “कोनतंबी असू द्या. ओलं हाय ना.”

मला वह्या वाळवायचे काम दिले होते. जुन्या नोंदवह्या, म्हाताऱ्या माणसाला बसून करण्यासारखे काम. ओल्या वहीचे पान वाचल्याशिवाय उलटता येत नाही, कारण ते सावकाश उलटावे लागते. मार्चअखेरीस दर वर्षी पुस्तकांची पडताळणी होते, दाखल वहीशी कपाट ताडून पाहतात. 1983 च्या पडताळणीत मला 612 दिसला. शेऱ्याच्या रकान्यात त्या गृहस्थांचे वळणदार अक्षर: ‘बांधणीस’. म्हणजे पुस्तकाची शिवण उसवली, बांधायला दिले आहे. 1984, बांधणीस. 1985, बांधणीस. मी पुढची वही घेतली, तिच्या पुढची घेतली. शेवटची नोंद 2008 ची होती. जगात कुठल्या गाथेची बांधणी पंचवीस वर्षे चालते? तपासणीला येणाऱ्या कोणाच्या ते लक्षात आले नाही, किंवा आले असेल आणि त्यांनीही त्या माणसाकडे पाहून पान उलटले असेल. ‘महाराजांकडे आहे’ असे त्यांनी एकदाही लिहिले नाही. तसे लिहिले असते तर गावात चर्चा झाली असती. माझे नाव राहावे म्हणून एका सरळ माणसाने दर वर्षी सरकारी वहीत एक खोटा शब्द लिहिला.

आणखी एक वही होती, मागणीची. वाचकाला हवे असलेले पुस्तक बाहेर असेल तर त्याचे नाव तीत लिहीत. नामदेव गाथेसाठी एकच नाव तीनदा होते, 1986 आणि 1987 मध्ये. शेजारच्या गावचा एक भजनी मुलगा. नाव वाचले आणि माझ्या अंगावर काटा आला. त्याच सुमारास त्यांच्या गावच्या सप्ताहात त्या मुलाने नामदेवरायांचा एक अभंग चुकीच्या पाठाने घेतला होता, आणि मी भर कीर्तनात टाळ थांबवून त्याला म्हणालो होतो, “बाळा, गाता आहेस तर गाथा पाहत जा.” लोक हसले होते. तो खाली मान घालून उभा राहिला होता. गाथा तो पाहायला गेला होता, माउली. तीनदा गेला होता. ती माझ्या घरी होती.

गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटण्याने ठोकून पाहिली आणि नामदेवरायांचे मडके कच्चे ठरवले, हा प्रसंग मी किती वेळा रंगवला असेल! टाळकऱ्यांच्या डोक्यावर बोटाने ठोकून श्रोत्यांना हसवायचो. तो ज्या पुस्तकातून तयार केला ते पुस्तक हेच.

तरी लगेच मी ते परत केले नाही. हेही लिहिले पाहिजे. त्या वर्षी अधिक आश्विन आला होता. अधिकात एकदा पूर्ण वाचून काढू, मग देऊ, असे मी ठरवले. म्हणजे एकोणचाळीस वर्षांनीही मन सवलत मागतच होते. वाचन झाले. कार्तिकीलाही पंढरी बंद होती. त्या एकादशीला मी गाथा धुतलेल्या पंचात बांधली आणि वाचनालयात नेऊन टेबलावर ठेवली. तेव्हा वाचनालय नुकतेच पुन्हा उघडले होते. नवी ग्रंथपाल मुलगी तिशीच्या आतली. तिने पहिले पान उघडून शिक्का पाहिला, आतला क्रमांक पाहिला आणि माझ्याकडे पाहिले. मी सारे सांगितले.

पुढे जे झाले त्याने मी अधिकच खजील झालो. कार्यकारी मंडळाने ठरवले की माझा सत्कार करायचा! पुरात धर्मग्रंथांचा खण गेला, त्यातली ही एकच गाथा महाराजांमुळे वाचली, म्हणून शाल आणि श्रीफळ. सारे मनापासून बोलत होते. “बरं झालं तुम्ही नेली जी, नाहीतर हिचाही गोळा झाला असता.” मला हा हिशेब मान्य नाही. पूर आला म्हणून चोरीची राखण होत नाही. कपाटात असती तर ती त्या मुलाने वाचली असती, त्याच्या मागून कदाचित आणखी चौघांनी, आणि मग पुरात गेली असती तर वाचून गेली असती. मी थोडे चढ्या आवाजात बोललो. दोघे-तिघे नाराज झाले. महाराज साध्या गोष्टीचा बाऊ करतात, असेही कोणी म्हणाले. त्यांचेही फार चुकले असे नाही. म्हातारपणी पश्चात्तापाचाही एक तोरा येतो, आणि तो मला माझ्यात दिसत होता. दंड किती, असे मी विचारले. मुलीने नियम काढले. इतक्या वर्षांचा दंड कसा धरायचा याचा नियम नव्हता. शेवटी धर्मग्रंथांचा खण पुन्हा भरायला लागेल तेवढी रक्कम मी दिली. ती दक्षिणेचीच साठवण होती.

मग मी त्या ग्रंथपालांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी ओसरीत तांदूळ निवडत होत्या. ऐंशीच्या घरात असतील. मला पाहून उठू लागल्या, मी बसवले आणि त्यांच्यासमोर खालीच बसलो. वह्यांचे सांगितले. त्यांना नवल वाटले नाही.

“मले मालूम होतं जी,” त्या म्हणाल्या. “तपासनीचे सायेब येनार म्हनलं का दोन रात्री डोळा नाही लागे त्याहिचा. मी म्हनो, जाऊन मांगून आना ना पुस्तक. तं म्हनत, महाराजाले कसं मांगू? वाचून रायले असन.”

मी काही बोललो नाही. त्यांनी चहा ठेवला. निघताना मी पाया पडलो तेव्हा त्या संकोचून मागे सरकल्या आणि म्हणाल्या, “तुमी नोका पडू जी.” पण मी पडलो.

भजनी मुलगा आता मुलगा राहिला नाही. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात तो पुष्कळ वर्षे नोकरीला होता. आमच्याच जंगलातला बांबू तिथे जाऊन कागद होतो. नंबर मिळवून फोन केला. तो प्रसंग आठवत नाही, असे तो हसून म्हणाला. मला ते खरे वाटले नाही. भजन म्हणतोस का, असे विचारले, तर म्हणाला, नाही, ते केव्हाच सुटले. का सुटले, हे विचारायचा मला धीर झाला नाही. गाथा आता वाचनालयात आहे, गावी आलास तर पाहा, एवढे सांगितले. तो ‘बरं’ म्हणाला. अजून आलेला नाही.

माउली, वाचकांत माझ्यासारखे आणखी कोणी असतील तर त्यांनी आपले फडताळ एकदा उघडून पाहावे. जांभळा गोल शिक्का पहिल्या पानावर असतो, आणि बहुधा आत कुठेतरी आणखी एका पानावर.

गाथेची शिवण आता खरोखरच उसवली आहे. मुलीने ती घरी न्यायची पुस्तके आणि वाचनालयातच वाचायची पुस्तके यांतल्या दुसऱ्या यादीत घातली. माझ्या पेन्सिलीच्या खुणा खोडू का, असे तिने विचारले. मी म्हटले, तुझ्या मनाला येईल ते कर. तिने राहू दिल्या. आता मला नामदेवराय वाचायचे असले तर खिडकीजवळच्या बाकावर बसून, भरतीच्या मुलींच्या शेजारी, वहीत सही करून वाचावे लागतात. परवा एकीने वाकून विचारले, “आजोबा, हे बाजूला बारीक अक्षर कोनाचं हाय?” मी सांगितले. तिने मान हलवली आणि पुन्हा आपल्या गणितांकडे वळली. अकराला ग्रंथपाल मुलगी किल्ल्या वाजवते आणि म्हणते, “महाराज, वेळ झाली जी.” मग मी पान लक्षात ठेवतो, गाथा उचलून तिसऱ्या खणात, पुराची खूण आहे त्याच्या वर, ठेवतो आणि चपला शोधायला ओसरीवर येतो.